गांठ आणि आंकडा

वस्त्रांच्या इतिहासांत पागोट्याला मान आहे, पैठणीला मान आहे. शालजोडीला तर दरबारी दप्तरांत स्वतंत्र जागा आहे. परंतु स्त्रीच्या अंगाला सर्वांत जवळचें, दिवसाचे चौदा-पंधरा तास तिचा भार सांभाळणारें आणि नीट न बसल्यास तिला घडोघडी काचणारें जें वस्त्र, त्याच्याविषयीं इतिहासकारांनीं फार थोडें लिहिलें आहे. याचें एक कारण उघड आहे. बखरी पुरुषांनीं लिहिल्या, आणि हा विषय पुरुषांच्या बैठकींत निघण्यासारखा नव्हता. दुसरें कारण असें कीं, हें ज्ञान कागदावर उतरविण्याचें नव्हतेंच. थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे, आईकडून लेकीकडे, वहिनीकडून नणंदेकडे तें हातोहात जात असे. चोळी अंगाला बसली कीं नाहीं याचा निवाडा आरशानें करावयाचा नसे; मागें उभी असलेली जाणती बाई तो करी. पुढें निवाड्याचें हें काम एका आंकड्याकडे गेलें. तें कसें गेलें, आणि त्यांत बेताच्या मिळकतीच्या घरांतील स्त्रीच्या पदरांत काय पडलें व पदरचें काय गेलें, हा या इतिहासाचा गाभा आहे.

चोळीची वंशावळ जुनी आहे. अमरकोशांत 'चोल' आणि 'कूर्पासक' हे शब्द एकाच वस्त्राचीं नांवें म्हणून एकत्र दिले आहेत. ऋतुसंहारांत थंडीच्या दिवसांतील स्त्रियांच्या वर्णनांत कूर्पासक येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत महाजनक जातकाच्या चित्रांतील नर्तकीच्या अंगांत बाह्यांचा शिवलेला पोशाख आहे. कंचुकी हा शब्द तर मराठी कवितेंत शतकानुशतकें वावरत आला आहे. तथापि कवींना कंचुकीच्या शोभेची जेवढी माहिती होती तेवढी तिच्या शिवणीची नव्हती. त्यामुळें त्यांची या विषयाला मदत थोडीच होते.

मराठी चोळीचें खरें वैशिष्ट्य तिच्या गांठींत आहे. पाठीचा भाग अखंड, बाह्या आंखूड व दंडाला घट्ट, आणि पुढचे दोन पदर छातीखालीं एकत्र आणून त्यांची गांठ मारावयाची. तिला गुंडी नाहीं, हूक नाहीं, नाडी नाहीं. छातीच्या भागाला उभार मिळावा म्हणून सरळ कापडाला तिरपे तुकडे जोडीत. हात वर उचलतां यावा म्हणून काखेखालीं लहानसा तुकडा बसवीत. दळण, कांडण, विहिरीचें पाणी ओढणें हीं कामें जिला रोज करावीं लागत, तिला काखेंतल्या त्या बोटभर तुकड्याची किंमत बाहीच्या जरीकांठाहून अधिक वाटे.

गांठीचा गुण असा कीं, ती रोज नव्यानें मारावयाची असते. स्त्रीचें अंग हें काहीं खांबासारखें बारा महिने एका मापाचें नसतें. महिन्यांतील कांहीं दिवस छाती जड होते. बाळंतपणानंतर दूध भरतें. आजारांत अंग वाळतें, उतारवयांत सैलावतें. गांठ या सर्व फेरफारांना बोटभर सैल अथवा बोटभर घट्ट होऊन सामावून घेई. मूल रडूं लागलें तर आईला ती एका हातानें सोडतां येई. एकच चोळी अशा रीतीनें दोन-तीन मापांचें काम करी, आणि जिच्याजवळ वर्षाला दोनच चोळ्या असत तिच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हती. अर्थात् गांठीचे दोषही होते. जिचें अंग भारी तिला गांठीचा काच लागे. पदर अपुरे पडले तर गांठ बसतच नसे. उन्हाळ्यांत गांठीखालीं घामोळें व चट्टे उठत. जुन्या काळचें म्हणून सर्वच सुखाचें होतें, असें मानण्याचें कारण नाहीं.

चोळीचें कापड तो खण. हा शब्दच मुळीं मापाचा आहे: एका चोळीपुरतें कापड म्हणजे एक खण. खणासाठीं प्रसिद्ध असलेलें गुळेदगुड्ड हें गांव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. १९५६ पर्यंत तें विजापूर जिल्ह्याबरोबर मुंबईच्या कारभाराखालीं होतें, आणि महाराष्ट्रांतील लग्नें, ओट्या व भाऊबिजा यांच्यावर तेथील माग चालत. रेशमाचा ताणा व सुताचा बाणा असलेला तो खण दिसावयाला साजिवंत, धुवावयाला टिकाऊ, आणि लुगड्याच्या मानानें पुष्कळच स्वस्त. भावाला लुगडें झेपलें नाहीं तरी खण झेपत असे. जात्यावरच्या ओव्यांत भावानें घेतलेल्या खणाचा उल्लेख म्हणूनच इतक्या वेळां येतो. उलट बाजूला मराठेशाहीच्या कागदपत्रांत राजघराण्यांतील स्त्रियांना 'चोळीबांगडी'साठीं गांवें व नेमणुका लावून दिल्याचे उल्लेख सांपडतात. त्या गांवांच्या वसुलांतून चोळ्या किती झाल्या हा हिशेब निराळा. पण स्त्रीच्या हक्काच्या किमान खर्चाला नांव देतांना राज्यकर्त्यांनाही चोळीच आठवली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

नात्यांतल्या बायकांची जाण कोठपर्यंत पोंचत असे, याचें उत्तम उदाहरण चोरचोळीचें. गर्भार स्त्रीला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास घरांतील वडील बायका गाजावाजा न करतां चोळी देतात, म्हणून त्या रिवाजाला हें नांव. त्याचा धार्मिक अर्थ काय लावावयाचा तो शास्त्र्यांनीं लावावा. परंतु गर्भारपणांत पोट दिसूं लागण्यापूर्वींच छाती वाढते आणि जुनी चोळी काचूं लागते, हा शरीराचा धर्म आहे. आणि बरोबर त्याच सुमारास तिच्या हातीं नवी चोळी येई. नव्या सुनेनें आपण होऊन सासूपाशीं 'चोळी लहान झाली' असें बोलण्याचे ते दिवस नव्हते. न मागतां, न बोलतां गरज भागविण्याची ती वाट होती.

हीच जाण दुसऱ्या एका दाराशीं येऊन थबकत असे, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या जातींत विधवेचें केशवपन करण्याची रूढि होती, तेथें तिला आलवण नेसावें लागे आणि चोळी वर्ज्य असे. बारा-तेरा वर्षांची मुलगी विधवा झाली तर तिच्या अंगाची वाढ थांबत नव्हती. थांबे तो फक्त खण. काल ज्या वहिनीनें तिला गांठ मारावयाला शिकविली, तिलाच आज ती चोळी उतरवून घ्यावी लागे. ज्या वस्त्राची गरज शरीराला, तें सौभाग्याशीं बांधून टाकल्याचा हा परिणाम होता, आणि एकोणिसाव्या शतकांतील सुधारकांनीं विधवांच्या वेषाविरुद्ध जें लिहिलें त्यांत केसांची चर्चा जितकी झाली तितकी चोळीची झाली नाहीं.

चोळी शिवण्याचें काम घरीं होई किंवा शिंप्याकडे जाई. अलुत्यांच्या याद्यांत शिंप्याचें नांव आहे. पण परपुरुषाला छातीचें माप घेऊं देणें कुलीन घरांत अशक्य. म्हणून खणाबरोबर एक जुनी चोळी नमुन्यादाखल पाठवीत. 'मापाचें ब्लाऊज' शिंप्याकडे देण्याची आजची चाल तीच. तींत सोय मोठी, पण एक खोड आहे. शरीराचें माप न घेतां वस्त्राचें माप घेतलें, तर वस्त्रांतला दोष पिढीजाद चालतो. जुनी चोळी पाठींत ओढत असेल तर नवीही ओढते. आणि नमुना दोन वर्षांपूर्वींचा असेल तर शिंपी दोन वर्षांपूर्वींच्या स्त्रीला चोळी शिवून देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही व्यवस्था बदलूं लागली. शिवणाचें यंत्र शहरांतून दिसूं लागलें; शिकलेल्या घरांत चोळीच्या जागीं जाकीट व पोलकें आलें; मग इंग्रजी जंपरचा मराठी अवतार असा झंपर आला; आणि शेवटीं ब्लाऊज. पुण्याच्या सेवासदनासारख्या १९०९ सालीं निघालेल्या संस्थांनीं शिवणकामाचे वर्ग चालवून कित्येक निराधार स्त्रियांना पोटाचें साधन दिलें. नवा पोशाख लांब व अधिक झांकणारा होता, म्हणून तो सभ्य मानला गेला. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. चोळी झांकीत असे आणि सांवरीतही असे. झंपर फक्त झांकी. सांवरण्याचें काम कोणीं करावयाचें? त्यासाठीं आंत आणखी एक वस्त्र आलें. मांजरपाटाची घरीं शिवलेली ती 'बॉडी', पुढें हूक किंवा गुंड्या, खांद्यावर पट्टे. एका खणाच्या जागीं दोन कापडें, दोन शिलाया. मराठींत 'आंकडा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, अडकविण्याचें साधन आणि संख्या. गांठ गेली तेव्हां पहिल्या अर्थाचा आंकडा तिच्या जागीं आला. दुसऱ्या अर्थाचा सातासमुद्रांपलीकडे तयार होत होता.

युरोपांत छातीला आधार देणारें वस्त्र हें अर्वाचीन काळाचें, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. २००८ सालीं ऑस्ट्रियांतील पूर्व टायरोलमध्यें लेंगबर्ग नांवाच्या गढीची दुरुस्ती चालू असतांना एका तक्तपोशीखालीं भरलेल्या केरकचऱ्यांत कापडाचे २,७०० हून अधिक तुकडे सांपडले. इन्सब्रुक विद्यापीठानें त्यांचा अभ्यास केला व २०१२ सालीं ती हकीकत जगभर गाजली; कारण त्या पंधराव्या शतकांतील चिंध्यांत तागाच्या कापडाच्या, दोन वाट्या कापून शिवलेल्या चोळ्या होत्या. त्यांतील एकीच्या कडेला नाडी ओवण्यासाठीं छिद्रें आहेत. म्हणजे टायरोलच्या डोंगरांतील बाईही आपली चोळी ओढून किंवा सोडून अंगाप्रमाणें करीत होती.

नंतरच्या शतकांत तेथें कॉर्सेटचें राज्य झालें. देवमाशाच्या तोंडांतील पट्ट्या व पुढें पोलादी पट्ट्या घातलेलें तें बख्तर छातीला खालून वर ढकली आणि कमरेला आवळी. त्याचा भार कमी करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. पॅरिसच्या एर्मिनी कादोल या बाईनें कॉर्सेटचे दोन भाग केले आणि १८८९ च्या प्रदर्शनाच्या सुमारास ते पुढें मांडले. अमेरिकेंत १८९३ सालीं मारी तुसेक हिनें दोन स्तनांना दोन निरनिराळे खिसे असलेल्या आधारवस्त्राचें पेटंट घेतलें. पण प्रसिद्धि मिळाली ती मेरी फेल्प्स जेकब या न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरच्या तरुणीला. नृत्याच्या पोशाखांतून कॉर्सेटच्या पट्ट्या वर येऊं लागल्या, तेव्हां तिनें मोलकरणीच्या मदतीनें दोन रेशमी हातरुमाल व गुलाबी फीत जोडून एक वस्त्र तयार केलें आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें. या पेटंटाचा एक भाग क्वचितच सांगितला जातो. त्या वस्त्राचे बंद पाठीवरून फिरवून पुढें आणून बांधावयाचे होते, आणि त्यामुळें एकच वस्त्र निरनिराळ्या बांध्यांच्या स्त्रियांना चालेल, असें तिचें म्हणणें होतें. मराठी चोळीची युक्ति तिला स्वतंत्रपणें सुचली होती. तिनें हक्क वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट करणाऱ्या कंपनीला १,५०० डॉलरांस विकले. कंपनीनें तें वस्त्र थोडे दिवस बाजारांत ठेवलें व खप नाहीं म्हणून बंद केलें. बांधण्याची रीत तेथेंही मागें पडली.

ती मागें पडण्याचें कारण न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका दुकानांत शोधावें लागतें. इडा रोझेन्थल ही रशियन साम्राज्यांतील मिन्स्कजवळच्या गांवची ज्यू मुलगी. ती १९०५ च्या सुमारास अमेरिकेंत आली व शिवणकामावर पोट भरूं लागली. पुढें तिनें एनिड बिसेट या बाईबरोबर न्यूयॉर्कमध्यें बायकांच्या कपड्यांचें दुकान चालविलें. १९२० नंतरचीं तीं वर्षें म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून बायकांनीं पट्टे आवळून घेण्याचीं. त्या पट्ट्यांवर चांगला शिवलेला झगाही नीट बसेना. दोघींनीं पट्टा मधोमध दुभागून त्याच्या दोन वाट्या केल्या आणि ते झग्याबरोबर फुकट देऊं लागल्या. गिऱ्हाइकें परत आलीं तीं झग्यासाठीं नव्हे, तर आंतल्या त्या वस्त्रासाठीं. इडाचा नवरा विल्यम यानें कापणींत सुधारणा केल्या, आणि 'मेडनफॉर्म' ही कंपनी उभी राहिली. शिवणाऱ्या प्रत्येक बाईनें वस्त्राचा एकच भाग शिवावा, दुसरीनें दुसरा, अशी तेथील व्यवस्था. वस्त्र त्यामुळें स्वस्त झालें. दुसऱ्या महायुद्धांत याच कंपनीनें पॅराशूटनें उतरणाऱ्या सैनिकांबरोबर न्यावयाच्या टपाली कबुतरांसाठीं बंडी शिवून दिली. कबुतराच्या छातीला न काचतां व पंख न दुमडतां ती बसली पाहिजे, ही अट तिनें पाळली. आणि कबुतरांची तक्रार ऐकूं येत नाहीं हा फायदा निराळाच.

कारखान्यांत हजारों नग एकदम निघावयाचे, तर नेसणारी कोण हें शिवणाऱ्या बाईला ठाऊक असणें शक्य नाहीं. शिवणारी आणि नेसणारी यांच्यामध्यें बोलणारें कांहीं तरी पाहिजे; तें म्हणजे आंकडा. आरंभीं तो एकच होता, छातीच्या घेराचे इंच. पण ३६ इंच घेराच्या दोन स्त्रियांत एक रुंद पाठीची व लहान स्तनांची, तर दुसरी अरुंद पाठीची व मोठ्या स्तनांची असूं शकते. दोघींना एकच नग दिला तर एकीला तरी तो बसणार नाहीं. म्हणून १९३२-३३ च्या सुमारास मिशिगन संस्थानांतील कॅम्प कंपनीनें स्तनांच्या आकाराला ए, बी, सी, डी हीं अक्षरें लावलीं, व त्या दशकांत वॉर्नरसारख्या मोठ्या कंपन्यांनीं तीं उचललीं. ब्रिटनमध्यें तीं रूढ व्हावयाला १९५० नंतरचा काळ उजाडला. १९३० नंतरच्या दशकांतच पाठीमागें हुकांच्या दोन-तीन ओळी देण्याची चाल पडली. ही शेवटची सुधारणा दिसावयाला क्षुल्लक. पण गांठीबरोबर जें सैल-घट्ट करण्याचें स्वातंत्र्य गेलें होतें, त्यांतील दोन बोटें तिनें परत दिलीं.

अक्षरें आलीं तरी ज्या शरीरांवरून मापें ठरलीं तीं कोणाचीं, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं अंगमापें घेऊन १९४१ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. तयार कपड्यांच्या सरकारी प्रमाणांना पुढें या आंकड्यांचा आधार मिळाला. एवढें मोठें काम पूर्वीं झालें नव्हतें. पण त्यांत हिशेबांत धरल्या त्या केवळ गोऱ्या स्त्रिया. मोजणाऱ्यानें ज्यांना टेप लावली नाहीं, त्यांनीं दुकानांत आपल्या मापाचें कांहीं मिळत नाहीं म्हणून स्वतःच्या अंगाला दोष द्यावा, असा प्रकार त्यानंतर पुष्कळ देशांत झाला.

बेताच्या पैशांत नीट बसणारें वस्त्र मिळविण्याची कसोटी युद्धकाळच्या ब्रिटननें जशी पाहिली तशी क्वचितच कोणीं पाहिली असेल. १ जून १९४१ पासून तेथें कपड्यांवर नियंत्रण आलें. १९४२ च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं पडल्यावर रबर दुर्मिळ झालें. पोलाद आधींच तोफांकडे वळलेलें. सरकारी नमुन्याच्या आधारवस्त्रांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, कारण कारखान्यांत उभें राहून काम करणाऱ्या बाईला तें वस्त्र चैनीचें नव्हे, पाठीच्या स्वास्थ्याचें होतें. १९४३ सालीं व्यापारखात्यानें 'मेक डू अँड मेंड' नांवाची पुस्तिका काढून जुनें नीट करून वापरण्याच्या युक्त्या शिकविल्या, आणि पॅराशूटच्या रेशमाचीं आंतलीं वस्त्रें तर घरोघर शिवलीं गेलीं. त्या टंचाईंत एक जुनी गोष्ट पुन्हां वर आली: मावशी, शेजारीण, सासू यांपैकीं जिला कापणी कळते ती एखादी घरांत असली, तर कुपन वांचे. नियंत्रण १९४९ च्या मार्चमध्यें उठलें.

यानंतर नायलॉन व १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेला लायक्राचा लवचिक धागा यांनीं वस्त्राची प्रकृतीच पालटली. पण आंकडा सांगण्याची रीत मात्र जुनीच राहिली, आणि गोंधळ माजला तो येथें. विसाव्या शतकाच्या मध्यास अशी एक रीत रूढ झाली होती कीं, स्तनांच्या खालीं छातीचा घेर मोजावा, त्यांत चार इंच मिळवावे आणि आलेला आंकडा हा पट्ट्याचा नंबर समजावा. पट्टा न ताणणाऱ्या कापडाचा होता तोंवर या मिळवणीला कांहीं अर्थ होता. ताणणाऱ्या पट्ट्याला तीच मिळवणी केली म्हणजे काय होतें, हें एका उदाहरणानें दिसेल. समजा, एका स्त्रीचा खालचा घेर ३० इंच व भरीव भागाचा घेर ३५ इंच आहे. जुन्या रीतीनें तिचा नंबर ३४, आणि उरलेल्या एका इंचाचें अक्षर ए. चार इंच न मिळवितां मोजलें तर पट्टा ३० चा, आणि पांच इंचांच्या फरकाचें अक्षर डबल डी. एकाच बाईला एक हिशेब अगदीं बारीक ठरवितो, दुसरा भरलेली. दुकानांत ३० नंबर बहुधा सांपडत नाहीं. तेव्हां तिनें ३२ डी घालून पाहावी, कारण पट्टा एका पायरीनें वाढला कीं तितक्याच वाटीचें अक्षर एका पायरीनें खालीं येतें. याच न्यायानें ३४ नंबरांतही तिची वाटी सी येते, ए येत नाहीं. ३२ ची बी व ३८ ची बी या वाट्या अक्षरानें सारख्या असल्या तरी आकारानें सारख्या नसतात, ही गोष्ट विकणाऱ्यांपैकींही पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांत देशोदेशींच्या रीति निराळ्या. हिंदुस्थानांत व इंग्लंडांत जो ३४, तो जर्मनींत ७५ आणि फ्रान्सांत ९०. परदेशीं राहणाऱ्या लेकीनें आईसाठीं हौसेनें पाठविलेली वस्तु पेटींतच पडून राहते, तिचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें.

महाराष्ट्रांतील शहरांच्या बाजारांत हें वस्त्र 'ब्रा' या आंखूड नांवानें स्थिरावलें, तें मागील सर्व सामानाशिवाय. आंकडा आला, अक्षर पुष्कळदां आलेंच नाहीं. स्वस्त मालावर अजूनही ३२, ३४, ३६ एवढेंच छापलेलें आढळतें. मागणारी खालच्या आवाजांत आंकडा सांगते, देणारा वर्तमानपत्राच्या कागदांत पुडकें गुंडाळून देतो, आणि मापाबद्दल दोघांत शब्दही होत नाहीं. विकणारा पुरुष, घेणारी संकोचलेली, घालून पाहण्याची सोय नाहीं, परत घेण्याची बोली नाहीं. ज्या घरांत आईनेंही हा आंकडा कधीं तपासला नाहीं, तेथें मुलगी आईचाच आंकडा सांगते. शिंप्याकडे जाणारी जुनी चोळी नव्या रूपानें चालूच राहते. हा प्रकार केवळ येथलाच आहे असें मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियांत ३० तरुण स्त्रियांची तपासणी करून २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत २४ जणी चुकीच्या मापाचें वस्त्र वापरीत असल्याचें आढळलें; त्यांपैकीं २१ जणींचें लहान व तिघींचें मोठें होतें. तीस ही संख्या थोडी आहे, तिच्यावरून साऱ्या जगाचा निकाल लावूं नये. पण जेथें दुकानांत घालून पाहण्याची सोय आहे तेथें ही स्थिति, हें विसरूंही नये.

चुकीच्या मापाचा भुर्दंड बेताच्या मिळकतीच्या स्त्रीला दुप्पट पडतो. पट्टा सैल असला कीं भार खांद्यांवर येतो; ती खांद्याचे पट्टे आवळते; खांद्यांवर वळ उठतात; पाठीमागचा भाग वर सरकतो, आणि वस्तु वाईट निघाली म्हणून ती दुसरी, त्याच आंकड्याची, घेते. वस्तुतः भार वाहण्याचें काम छातीभोंवतालच्या पट्ट्याचें आहे, जसें तें गांठीचें होतें. खांद्याचे पट्टे वाटी जागेवर राखण्यापुरते. महागड्या नगांत लेस, रंग, नांव यांचे पैसे असतात. पट्टा कोणत्या मापाचा घ्यावयाचा याचें ज्ञान कोणत्याही किमतीच्या नगाबरोबर येत नाहीं. तें शिंप्याच्या साध्या टेपेनें घरींच मिळतें, आणि दुसऱ्या बाईचे हात मदतीला असले तर अधिक चांगलें, कारण स्वतःच्या पाठीवर टेप आडवी आहे कीं तिरपी हें स्वतःला दिसत नाहीं. श्वास सोडून खालचा घेर मोजावा. भरीव भागाचा घेर जरा पुढें वाकून मोजावा. घालून पाहतांना हात डोक्यावर न्यावा, खालीं बसावें, वाकावें. पट्टा वर सरकला तर एक नंबर लहान आणि एक अक्षर मोठें. वाटींतून अंग बाहेर येत असेल तर पट्टा तोच ठेवून अक्षर मोठें. वाकून पाहण्याची ही रीत नवी नाहीं; नवी चोळी घालून जात्यावर बसलेल्या बाईनें तीच परीक्षा घेतली होती.

नवी घेतांना ती हुकांच्या सर्वांत सैल ओळीवर नीट बसली पाहिजे. लवचिक धागा प्रत्येक धुण्याबरोबर थोडथोडा सैलावतो, आणि आंतल्या ओळी पुढच्या महिन्यांसाठीं राखून ठेवावयाच्या असतात. पहिल्याच दिवशीं सर्वांत घट्ट ओळीवर लावावी लागली तर ती वस्तु कितीही स्वस्त असली तरी महाग पडते. उलट पट्टा थोडा आंखूड पडत असेल, गर्भारपण असेल किंवा अंग तात्पुरतें भरलें असेल, तर हुकांची वाढीव पट्टी म्हणून बोटभर लांबीचा एक तुकडा शिवणसामानाच्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळतो. तो मागच्या हुकांत अडकविला कीं तेंच वस्त्र आणखी कांहीं महिने चालतें, आणि गरज सरली कीं काढून डबींत ठेवतां येतो.